भोकं पडली म्हणजे औषध हरलं

आमच्या लॅबचे किस्से जुन्या फ्रीजरमधल्या बर्फासारखे साचलेत. मुद्दाम कुणी साठवले नाहीत. पण आता दारच लागेना, म्हणून थोडे खरवडून काढतो. मी स्वभावाने शंकेखोर, तेव्हा एखादा तपशील इकडचा तिकडे झालाही असेल.

लॅब म्हणजे वसईतल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यामागची खोली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी प्राध्यापकी संपवून आलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, विनायक नोकरी सोडून आलेला इंजिनियर, आणि दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर अ‍ॅग्नेस. टीबीचे काही रोगी महिनोन्महिने गोळ्या खाऊनही बरे होत नव्हते. त्यांचे जंतू औषधाला जुमानतात की नाही, हे कळायला मोठ्या लॅबमधून दोन-दोन महिने लागायचे. तोवर रोगी झिजायचा. आम्ही म्हटलं, दोन दिवसांत सांगू!

लोक हसले. म्हणून तर हट्टाला पेटलो.

*

आमचं हत्यार म्हणजे फेज, जंतूंवर जगणारे विषाणू. ते मातीत सापडतात. मी आणि विनायक वटारला एका केळीच्या वाडीत शिरलो आणि पिशव्यांत चमचा-चमचा माती भरू लागलो. तेवढ्यात वाडीवाला कोयता घेऊन हजर! मागे चार-पाच जण. त्या दिवसांत वसईत पॅन्ट-शर्टातला माणूस माती भरताना दिसला की लोकांना एकच शंका यायची.

"कोना बिल्डरची मानसं?"

"बिल्डरची नाही हो," मी चाचरत म्हणालो, "आम्ही विषाणू शोधतोय!"

"मग बिल्डरच्या हापिसात जा ना! इथं कशाला शोधता?"

विनायक तिथेच खाली बसून हसत सुटला. टीबीचं सांगितल्यावर कोयता खाली गेला, पण अट पडली: काम झालं की माती परत आणून टाकायची. वटारची माती वटारलाच! आम्ही इमानाने परत नेली, नियमाप्रमाणे प्रेशरच्या वाफेत निर्जंतुक करून. वाडीवाल्याने ती बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "जिवंत नेली नि मेलेली आनली. डॉक्टरच तुमी!"

*

जंतू वाढवायला सदतीस अंशांची पेटी लागते. नवी परवडेना. विनायकने एका पोल्ट्रीतून अंडी उबवायचं जुनं मशीन आणलं. "सर, कोंबडीला आणि जंतूला ऊब तीच लागते!"

पहिली चाचणी निरुपद्रवी जंतूंवर घेतली, हे नशीब. सकाळी उघडून पाहतो तर जंतू वाढवायच्या सगळ्या काचेच्या ताटल्या एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेल्या! अंडी उबवताना अधूनमधून फिरवावी लागतात. मशीन आपलं काम चोख करत होतं. ट्रे हलवणारी मोटर काढायचं आम्हा दोघा उच्चशिक्षितांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

मी म्हणालो, "बंद करू या हे. आपल्याला नाही जमायचं."

सिस्टर ताटल्या उचलत म्हणाल्या, "मोटर काढा सर, हिंमत राहू द्या."

*

माझ्या रिपोर्टमध्ये एक शब्द हटकून असायचा: 'बहुधा'. 'जंतू औषधाला बहुधा दाद देत नाहीत.' खोटं ठरलो तर, ही धास्ती. एकदा सिस्टर रिपोर्ट हातात घेऊन आल्या.

"सर, इंजेक्शन कुठे देऊ? बहुधा दंडात?"

*

फिलोमिना पाचूबंदरची मासळीवाली, सुकटी-बोंबलाचा धंदा. सिस्टरांच्या डोळ्यांसमोर रोज गोळ्या घ्यायची, तरी खोकला हटेना, वजन उतरत चाललेलं. दर गुरुवारी दवाखान्यात मुंबईचे छातीचे मोठे डॉक्टर यायचे. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि सगळ्या रांगेदेखत म्हणाले, "गोळ्या थुंकते ही. खोटं बोलते."

"मी? खोटी?" फिलोमिना उसळली. "माजी भरती-ओहोटी चुकंल, गोली नाय चुकत!"

डॉक्टरांनी तिला गोळी गिळायला लावली. मग म्हणाले, "तोंड उघड. जीभ वर कर."

तिने केली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर त्यांच्यावरून हलवली नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "सर, मरन आलं तं येऊ दे. खोटारडी म्हनून नाय मरायची मी!"

तिच्या थुंकीचा नमुना त्याच दिवशी चाचणीला लावला.

*

आमची रीत थोडी उलटी आहे. रोग्याचे जंतू आधी औषधात ठेवायचे, मग त्यांत फेज सोडायचे आणि जंतूंच्या बाहेर उरलेले फेज मारून टाकायचे. जंतू मेले असतील तर फेजला घरच मिळत नाही. जिवंत असतील तर फेज आत शिरून वाढतात आणि ताटलीतल्या दुसऱ्या जंतूंच्या थराला भोकं पाडतात. म्हणजे भोकं दिसली की औषध हरलं.

फिलोमिनाची ताटली चाळणी झाली होती.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी ती उजेडात धरली. "वा! सगळे जंतू साफ! औषध तर उत्तम लागू पडतंय. मी म्हणत नव्हतो?"

इतक्या ठामपणे म्हणाले की मीच घाबरलो. आत जाऊन माझीच पद्धत पुन्हा वाचून आलो!

"उलट आहे," मी म्हणालो. "ही भोकं जिवंत जंतूंची साक्ष आहेत. बाई खरं बोलते आहे. तिचं औषध बदला."

"कोंबडीच्या मशीनवर विश्वास ठेवून? बरं, लिहून द्या. तुमच्या त्या 'बहुधा'शिवाय!"

मी पेन उघडलं. लिहिलं: 'औषध लागू पडत नाही.' पूर्णविराम. सही.

डॉक्टरांनी औषध बदललं. नमुना मोठ्या लॅबलाही पाठवला, "तुमची चूक कळावी म्हणून."

*

ते दोन महिने मी धड जेवलो नाही. नव्या इंजेक्शनांनी फिलोमिनाचे कान वाजायचे, ओकाऱ्या व्हायच्या. माझं चुकलं असेल तर हे सगळं फुकट! शेवटी मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला. आमचंच उत्तर.

मी तो घेऊन तडक पाचूबंदरला गेलो. ती बोंबील वाळत घालत होती, गिऱ्हाइकावर ओरडत होती. आवाज पूर्वीसारखा दणदणीत!

"आता आला? द्या इकडं." तिने मूठभर बोंबील त्याच रिपोर्टात गुंडाळले. "हे त्या डॉक्टरला द्या."

गुरुवारी सिस्टरांनी ती पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उघडली, वाचली आणि पिशवीत टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुंबईच्या रोग्यांचे नमुने आमच्याकडे आले. डब्यावर चिठ्ठी: 'कोंबडीच्या मशीनसाठी. ता. क. बोंबील संपले.'

फिलोमिनाला निरोप सांगितला. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पायजेत तं इथं येवाचं."

एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर डॉक्टर खरंच आले. ऊन रणरणत होतं, अख्खं पाचूबंदर गोळा झालेलं. फिलोमिनाने निखाऱ्यावर भाजलेला बोंबील त्यांच्या हातात दिला. त्यांनी खाल्ला.

"आता तोंड उघडा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

"जीभ वर करा."

त्यांनी केली.