अनुदानातलं दान

माझी सगळी नोकरी सरकारी कोषागारात गेली. बिलं तपासणं हे काम आणि खुसपटं काढणं हा स्वभाव, त्यामुळे दोन्हींचं छान जमलं. बायको गेल्यापासून गंगेकाठी दूधविनायक गल्लीतल्या घरात एकटाच असतो. गल्लीत मराठी घरं अजून आहेत, पण त्यांतली मुलं आपसांत हिंदीच बोलतात. माझं मराठी उरलं होतं ते वरच्या मजल्यावरच्या मावशींपुरतं. त्या नात्याने कुणी नव्हत्या, पण आमटी रोज खाली यायची आणि सोबत एखादी कानउघाडणी.

मावशींना मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान पौरोहित्य करायचे आणि जन्मभर त्यांनी एक नेम पाळला होता: पूजेची दक्षिणा घ्यायची, दान घ्यायचं नाही. दानाबरोबर देणाऱ्याचं पापही पदरात पडतं, असं ते मानत. मला ते पटायचं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. ते गेल्यावर मावशींचं घर निराधार वृद्धांच्या सरकारी अनुदानावर चाललं. पैसे बँकेत यायचे, त्या जाऊन काढायच्या. देणाऱ्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग अनुदान देणाऱ्या सरकारी खात्यात नवे साहेब आले. भला माणूस, खोटं कशाला बोलू? गंगास्नान केल्याशिवाय ऑफिसात पाऊल न टाकणारा. सरकारी पैसा कोरडेपणाने वाटायचा नाही, त्यात धर्मभाव हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून अनुदानाचं नूतनीकरण यंदा मुन्शी घाटावर, हातावर दानसंकल्पाचं पाणी सोडून करायचं ठरलं. मीच मावशींना हाताला धरून पायऱ्या उतरवून नेलं.

घाटावर शामियाना, हार, माइक. विणकरांच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी बुरखा सावरत मागेच उभी होती. आपण हातावर ते पाणी घ्यायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. सरकारी पैसा घेताना असा प्रश्न कुणाला पडता कामा नये, असं मी शेजारच्या बाबूला म्हटलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली.

मावशींची पाळी आली. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातावर सोडायला पळीभर पाणी घेतलं.

"माताजी, यह दान स्वीकार कीजिए."

मावशींनी हात मागे घेतला.

घरी येईपर्यंत मी भांडलो. नाव काहीही देवोत, पैसा जनतेचा आहे, तुमच्या हक्काचा आहे, आणि यादीत तुमच्या नावापुढे 'पात्र' असं लिहिलेलं आहे.

"पात्र आहेच रे मी," त्या म्हणाल्या. "पण दान घेणाऱ्यानं देणाऱ्यालाही पारखायचं असतं. कायद्यानं मिळत होतं तोवर त्याची जरूरत नव्हती."

मी साहेबांना भेटलो. त्यांचे डोळे भरून आले. दान जबरदस्तीने कसं द्यायचं, असं त्यांनी मलाच विचारलं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं. चुकीच्या हुकमाविरुद्ध अर्ज करता येतो. कुणाच्या पुण्याविरुद्ध तो कुठे करायचा? मावशींच्या नावापुढे शेरा पडला: लाभार्थीने नाकारले. मी माझ्या पेन्शनमधून द्यायला गेलो, तर म्हणाल्या, मग ते तुझं दान झालं.

थंडीत इंदूरहून त्यांचा पुतण्या आला. त्याच्याकडे जाणं म्हणजे दान नव्हे, घरच आहे, अशी मावशींनी स्वतःची समजूत घातली. रिक्षात बसल्यावर वरच्या खोलीचा नळ नीट बंद केलास ना, म्हणून मला विचारलं.

आता दिवसच्या दिवस माझ्या तोंडून मराठी शब्द निघत नाही. एकटेपणा सोसत नाही, हे सरळच लिहितो. भाजीवाल्याकडे नकळत 'लिंबं द्या' म्हणालो, तो हसला, आणि मला घरी येऊन रडू आलं.

परवा मावशींचा फोन आला. पुतण्या चांगला आहे, सून जीव लावते, औषधं वेळेवर मिळतात, सगळं त्यांनी सांगितलं. मग आवाज असा पडलेला का, असं मी विचारलं.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "जेवताना दुसरी पोळी मागायला जीभ रेटत नाही."