मामांचा विरघळणारा कागद

माझ्या नवऱ्याच्या मामांना पहिल्या नजरेत पसंत पडेल अशी वस्तू अजून जगात जन्माला यायची आहे. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं माल तपासण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही मंडईतली भेंडी ते मोजपट्टी लावल्यासारखी बघतात. बरं, स्वस्थ बसतील तर ते मामा कसले! मामी गेल्यावर मामांनी मामींचं शिलाई मशीन पुसलं, तेल घातलं आणि भरतकाम शिकायला घेतलं. मी तेव्हा हसले होते, आज कबूल करते.

यंदा मामांची लेक बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली, आणि बारशाला मामींच्या इरकल साडीची गोधडी करायचं मामांनी ठरवलं. इरकल जुनी, मऊसूत, एकुलती एक उरलेली. अशा कापडावर नुसतं मशीन फिरवलं की ते गोळा होतं. म्हणून आधाराला एक कागद लावायचा, त्यावरच नक्षी काढायची, आणि भरून झालं की तो पाण्यात विरघळवायचा. पण कागद गरम पाण्यातच विरघळणारा निघाला तर इरकलीचा लाल रंग सुटणार, आणि गार पाण्यात अर्धवट राहिला तर बाळाच्या अंगाला चिकटणार. "एकदाच चान्स हाय," म्हणत मामा पिंपरीच्या हमीदभाईंच्या दुकानातून सात नमुने घेऊन आले. हमीदभाई मला फोनवर म्हणाले, "भाभी, सून बघतानासुद्धा लोक एवढं बघत नाहीत."

मग ओट्यावर गार पाण्याचे सात ग्लास, प्रत्येकात एक तुकडा, बाहेरून चिठ्ठी, आणि मामांच्या हातात घड्याळ. तेवढ्यात सांगवीहून लेकीचे सासरे नात बघायला आले आणि तहानेच्या भरात चौथा ग्लास गटागटा पिऊन मोकळे झाले. मामांनी तब्येत विचारली नाही. "चिकट लागलं का?" एवढंच विचारलं. "किंचित," व्याही बिचारे म्हणाले. झालं, चौथा बाद.

अखेर सहावा नमुना पास झाला. चार दिवस खपून मामांनी वेल भरली. धुवायच्या सकाळी आम्ही सगळे परातीभोवती, लेकही बाळाला घेऊन. इरकल गार पाण्यात गेली आणि कागद बघता बघता नाहीसा झाला. लाल रंगाचा टिपूस नाही, एक टाका जागचा हलला नाही. मामा परात घेऊन थेट खिडकीशी गेले, पाणी उजेडात न्याहाळलं आणि छाती काढून म्हणाले, "म्हनलं व्हतं का न्हाई?" मला तर इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे हमीदभाईंना व्हिडिओ पाठवला.

मग माझं लक्ष वेलीकडे गेलं. ती एका बाजूला कललेली, तीन पानं बारकी आणि चौथं भलतंच मोठं. केसाएवढा फरक न खपवणारा माणूस हा! "मामा, वेल वाकडी आलीय," मी म्हणाले.

"आली न्हाई, ठेवलीय," ओल्या कापडावरून हात फिरवत ते म्हणाले. "तुझ्या मामीच्या नक्षीच्या वहीतनं उतरवून घेतली. ती अशीच काढायची. मी जलमभर म्हनायचो, सरळ कर."

लेकीनं बाळ माझ्याकडे दिलं, इरकलीचं एक टोक धरलं, आणि बापलेकीनं मिळून ती सावलीत वाळत घातली.