खाणीत शीळ घालायची नसते

कोळशाची खाण बंद पडून कैक वर्षं झाली, पण प्यो दोकमान अजून वर आलेला नाही, असंच मी म्हणतो. तेबेक या आमच्या खाणींच्या गावातल्या दवाखान्यात त्याची खाट माझ्या शेजारी आहे. वॉर्डात सगळे जुने खाणकामगार, प्रत्येकाच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली. ती निघत नाही, त्यामुळे आम्हालाही घरी सोडत नाहीत.

दोकमानचा श्वास आत जायचा आणि तिथेच अडकायचा. नर्स गिल रोज सांगायची, "आजोबा, शीळ घालताना करतो तसे ओठ करा आणि हळूहळू फुंका. अडकलेली हवा निघेल."

"तसले ओठ मी करत नाही."

"लाजता काय? आजी बघत नाहीयेत."

पोरगी समुद्राकाठची, तिला काय ठाऊक. खाणीत शीळ घालायची नसते. डोंगर कोपतो म्हणतात. खरं म्हणजे शीळ घातली की छत बसण्याआधीची लाकडांची करकर ऐकू येत नाही. दोकमानच्या जोडीदाराने एकदा विसरून शीळ घातली आणि छत बसलं. दोकमानला उकरून काढला, जोडीदार आतच राहिला. तेव्हापासून हा गरम रश्श्यावरही फुंकर घालत नाही, तोंड पोळून घेतो.

"दादा, आपण वरच्या मजल्यावर आहोत," मी सांगायचो. "इथे कसलं छत बसतंय?"

"छत ते छत."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला त्याचा संताप यायचा.

एका दुपारी जेवताना त्याला ठसका लागला आणि तो खाटेचा कठडा धरून ताठ बसला. ओठ निळे. मला वाटलं, नेहमीची धूळ. आम्ही सगळं धुळीवरच ढकलतो. गिलने ऑक्सिजन वाढवला, फरक पडेना. डॉक्टर बानबाई धावत आल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे श्वास होता, डावीकडे काहीच नाही. मग त्यांनी डाव्या बाजूवर बोटांनी ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला.

वॉर्डातले सगळे चमचे थांबले. खाणीत छतावर पहार ठोकल्यावर असा आवाज आला, की छत सुटलंय हे ओळखून आम्ही हत्यारं टाकून पळायचो.

"फुप्फुसाला भोक पडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "हवा छातीत कोंडलीय. एक्स-रे काढण्याइतका वेळ नाही. सुई दे."

सुई बरगड्यांमधून आत गेली आणि हवा सुटली, बारीक शीळ घातल्यासारखी. दोकमानने डॉक्टरांचं मनगट धरलं.

"कोण शीळ घालतंय? पळ, पोरी, पळ."

"तूच घालतोयस, दादा," मी म्हणालो. मला रडू आवरेना. "तुझ्याच छातीतून येतेय. येऊ दे."

हळूहळू त्याचे ओठ माणसासारखे दिसू लागले.

आता हवा काढायला त्याच्या छातीत बसवलेली नळी खाली बाटलीत सोडलीय, त्यामुळे खिडकीपर्यंतही जाता येत नाही. गिल सांगते तसे तो रोज ओठ गोल करतो आणि फुंकतो. तेवढा वेळ त्याची नजर छतावर असते. खोटं कशाला बोलू, आमचीही असते. कोणीतरी उठून टीव्ही बंद करतं, आणि त्याचं फुंकणं संपेपर्यंत आम्ही सगळे कान देऊन बसतो.