पिंपळीचं एकच रोप

"तिच्या वाफ्याले कायले पाहिजे पिंपळी? थे तं तोंडच उघडत नाही," मेंदीच्या कुंपणापलीकडून माझी तिरोड्याची वर्गमैत्रीण कुणाला तरी सांगत होती. अलीकडे मी झारी घेऊन वाकले होते. मला हसू आलं आणि पाणी चपलेवर सांडलं.

आयुर्वेद कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला औषधी बाग गणांप्रमाणे लावायची होती. जुन्या ग्रंथात औषधं त्यांच्या कामावरून गटांत, म्हणजे गणांत, बांधली आहेत, एका गटात दहा. भूक वाढवणारी ती दीपनीय, खोकला घालवणारी कासहर, घसा आणि आवाज सुधारणारी कंठ्य. कंठ्य गण नेमका माझ्या वाट्याला आला होता. इंग्रजी शाळेतून आलेली मी, संस्कृत सूत्रं मनात नीट म्हणायची, वर्गात मात्र नुसते ओठ हलवायची. त्यामुळे टोमणा काही खोटा नव्हता.

अडचण अशी की पिंपळी या तिन्ही गणांत आहे, आणि नागपूरच्या नर्सरीतून रोप आलं होतं एकच. ज्याच्या वाफ्यात ती नाही त्याचा गण अपुरा, म्हणजे प्रॅक्टिकलचे मार्क गेलेच. तिरोडावाली दीपनीयसाठी भांडत होती, चिचगडचा एक जण कासहरसाठी. त्याचं म्हणणं, आधी खोकला थांबू द्या, मग काय खायचं ते खा. तिनं विचारलं, उपाशी माणूस खोकणार तरी कशाच्या जोरावर. शिकवणाऱ्या मॅडम पायरीवर बसून हसत होत्या. "पहले लड लो, फिर बताना," एवढंच म्हणाल्या. ग्रंथाप्रमाणे दोघंही बरोबर, म्हणून भांडण संपेना. मला कुणी विचारलंच नाही.

मी रोपाकडे बघत होते. उन्हात ठेवलेल्या पिशवीत पानांनी माना टाकल्या होत्या. त्या दोघांचे वाफे विहिरीजवळ, भर उन्हात. माझा कोपऱ्यात, आंब्याखाली, म्हणून आधी कुणालाच नको होता. पिंपळीला सावली लागते हे सगळ्यांनीच वाचलं होतं, पण भांडणात ते राहूनच गेलं. मी पिशवी उचलली. सगळे भांडण सोडून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा बोलणं भागच पडलं.

"मॅडम, हे मी आंब्याखाली लावते. वेल पसरला की पेरांना मुळ्या फुटतील, मग त्याचे तुकडे ह्या दोघांना तोडून देईन. पण सावली त्यांची त्यांनी करायची."