पायांपाशी पोचल्यावर

आमच्या क्लिनिकात किस्से टॉवेलांसारखे साठतात. रोज संध्याकाळी धुऊन, घडी घालून ठेवावेत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग. खोलीत अर्धा अंधार, कोमट तेलाचा वास आणि टेबलावर ना धड जागा ना धड झोपलेला माणूस. अशा वेळी लोक काय काय बोलतात म्हणून सांगू! आणि खरं सांगायचं तर मसाज करणारे आम्हीही पूर्ण जागे असतोच असं नाही.

*

नाशिकला मी फिजिओथेरपिस्ट होते. इथे परदेशात तो शब्द नावापुढे लावायचा तर वेगळ्या बोर्डाची नोंदणी लागते, म्हणून अल्बनीत मी मसाज थेरपिस्ट झाले. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंना, म्हणजे ट्रेसीला विचारलं, की मसाजचं सरकारी लायसन्स कुठे मिळतं? ती म्हणाली, असं लायसन्स इथे नसतंच.

"म्हणजे कोणीही मसाज करू शकतं?"

"करू शकतं. माझ्याकडे नाही."

तिच्याकडे टिकायचं तर थेरपिस्टांच्या संघटनेची प्रॅक्टिकल परीक्षा पास व्हायला हवी होती. परीक्षक स्वतःच टेबलावर झोपतो आणि अंगाला काय जाणवलं त्यावरून मार्क देतो. नापास झाले तर नोकरी जाणार, आणि नवरा, मुलगा, मी अशा आम्हा तिघांचा व्हिसा माझ्याच नोकरीवर, म्हणजे बिऱ्हाडच हलणार. मला फार धास्ती वाटायची.

*

परीक्षेत सगळा भर परवानगीवर. खांद्याला हात लावायच्या आधी विचारायचं, पाठीकडे वळताना पुन्हा विचारायचं, आणि न विचारता एक बोटसुद्धा लावायचं नाही. नाशिकला पेशंटला "पालथे व्हा" म्हटलं की तो व्हायचा!

मी घरी सराव सुरू केला. नवरा दुसऱ्या प्रश्नालाच घोरायला लागायचा. सवय इतकी लागली की एका सकाळी मुलाचं, ईशानचं पांघरूण ओढतानाही मी विचारलं, "चालेल ना?"

तो डोळे न उघडता म्हणाला, "नो, आई. आय डू नॉट कन्सेंट."

त्या दिवशी शाळेची बस चुकली.

*

मेले ही माझी सहकारी, टोंगा बेटांवरची, रोज शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ओटाहुहूहून येते. दर शुक्रवारी तिच्याकडे एक धिप्पाड सुतार यायचा. टेबलावर पडला की गाढ, पण झोपेतही कामावरच असायचा. एकदा हात पुढे करून त्याने हातोडा मागितला. मेलेने शांतपणे गरम टॉवेलची गुंडाळी त्याच्या हातात दिली.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं तो म्हणाला आणि ती छातीशी धरून झोपून राहिला. जाताना फार समाधानात होता. म्हणाला, छप्पर पुरं झालं.

*

प्रत्येक क्लायंटनंतर थोडा वेळ रिकामं बसायचं, हा ट्रेसीचा नियम. नाशिकला मी डबासुद्धा उभ्याने खायचे, त्यामुळे आधी ते बसणं म्हणजे कामचुकारपणा वाटायचा. मेलेने मला बसायला शिकवलं. कोमट पाण्यात हात सोडून आम्ही दोघी खिडकीतून दुमजली बस बघत बसतो. बस येतात, थांबतात, जातात, काचेमुळे आवाज काही येत नाही. तेवढ्या वेळात आपण नेमक्या कुठल्या गावात आहोत हे मला खरंच आठवत नाही, आणि फार बरं वाटतं.

*

पुण्याचे कुलकर्णी काका मुलाकडे राहायला आले होते. सुनेने त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून मसाज दिला. पाठ झाली, खांदे झाले, काका उताणे झाले आणि पेंगले. मी पायांना हात लावला, तसा त्यांचा उजवा हात आपोआप वर उठला आणि झोपेतच आशीर्वाद आला, "अखंड सौभाग्यवती भव." दुसऱ्या पायाला पुन्हा तेच!

मेलेने अर्थ विचारला, मी सांगितला. तिचं लग्न व्हायचं होतं. पुढच्या खेपेला ती हट्टाने म्हणाली, काकांचे पाय मी करणार. काकांनी एक डोळा किलकिला करून तिला न्याहाळलं, हात वर केला आणि म्हणाले, "चांगला मुलगा मिळेल हो." मी अर्थ सांगितल्यावर मेले आठवडाभर खुशीत होती.

*

माझी परीक्षा घ्यायला वेलिंग्टनहून मार्गारेट आली. पांढरे केस, माझ्या आईच्या वयाची, बोलणं अगदी मोजकं. ट्रेसी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. मी प्रत्येक ठिकाणी विचारत गेले, मार्गारेट हो म्हणत गेली. हळूहळू तिचा श्वास लांबला, आणि माझे हात आपले आपण चालायला लागले. शेवटी पाय राहिले. तेही झाले. मी टॉवेल सारखा केला आणि कोण जाणे कुठल्या तंद्रीत वाकून तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

ट्रेसी खुर्चीतून अर्धी उठली. जिथे न विचारता बोट लावायचं नाही, तिथे मी डोकं लावलं होतं!

"हे काय होतं?" मार्गारेटने डोळे मिटूनच विचारलं.

"नमस्कार. आमच्याकडे मोठ्यांच्या पायांशी गेलं की करतात. तुम्हाला विचारायचं राहून गेलं."



"मग आता विचार," ती म्हणाली.

मी विचारलं. ती हो म्हणाली. मी पुन्हा वाकले. टेबल करकरलं. टॉवेल सावरत ती उठून बसली असावी, मी वर पाहिलं नाही. तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला.

मी पास झाले आणि क्लिनिकच्या भिंतीवर माझं नाव लागलं ते पुढच्या आठवड्यात. पण डोक्यावर हात ठेवायचा असतो, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.