तिसरा खांब

शाळेच्या फाटकाशी घंटेखाली सहादू शिपाई बसायचा, तेव्हा त्याचा डावा पाय नेहमी पुढे लांब पसरलेला असायचा. गुडघ्यात वाकतच नव्हता, त्याला तो बिचारा तरी काय करणार! पाचवीचं एखादं नवं पोर अडखळलं की सहादू म्हणायचा, "दिसत नाय का रे? एवढं रेल्वेचं फाटक आडवं पडलंय."

पायाची हकीकत पंचवटीत सगळ्यांना पाठ. सहादू अठरा वर्षांचा होता तेव्हा गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, मोठा पूर आला. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं आणि हा बहाद्दर जुन्या पुलाच्या कठड्यावर चढला. दिव्याच्या दुसऱ्या खांबापाशी उभा राहिला आणि दिली झोकून. पोहण्यात पट्टीचा होता, नाही कोण म्हणतं? पण पाण्याखाली दगडी ओटा होता. मांडी दोन ठिकाणी मोडली, गुडघ्याचा चुरा झाला. लष्करात जायचं घाटत होतं, ते राहिलं. जमलेलं लग्न मोडलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी ओळखीनं शाळेत चिकटला, मग सावित्रीबाईशी लग्न झालं. पण एका उडीपायी जन्म वाया गेला, ही सल काही मनातून गेली नाही.

पंचाण्णव साली पुरात दुसऱ्या शाळांची दोन पोरं वाहून गेली. आपल्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या ललिताबाई होत्या, त्यांनी मनावर घेतलं. दर जुलैत आठवी ते दहावीच्या पोरांसाठी एक तास ठेवायचा, पुरात उड्या मारू नका हे सांगायला. फळ्यावर नियम लिहून पोरं ऐकतात होय? बाईंनी सहादूलाच गाठलं.

"तुम्ही बोला सहादू. पाय दाखवा त्यांना."

"मी काय बोलू बाई? मी घंटा वाजवणारा माणूस."

तरी बोलला. पाचच मिनिटं. लेंगा वर सरकवून मांडीवरचे व्रण दाखवले. मुलींनी डोळ्यांवर हात धरले. त्या पावसाळ्यात शाळेचं एकही पोर पुलावर गेलं नाही. बाईंनी सहादूला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि कपबशीतून चहा दिला. इतक्या वर्षांत त्या खुर्च्या त्यानं फक्त पुसल्या होत्या. घरी येऊन तो सावित्रीबाईला म्हणाला, "अगं, पाय कामाला आला!" आणि पोराटोरासारखा रडला.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास. आपल्या शाळेचं पोर पाण्यात जाता कामा नये. वर्षभर तो जुलैची वाट बघायचा.

पण गोष्ट सांगता सांगता वाढतेच की. दुसऱ्या वर्षी त्यात शिट्ट्या आल्या. तिसऱ्या वर्षी घाटावर जमलेली माणसं आली. मग कानात शिरणारा वारा आला, हवेत असतानाचा तो क्षण आला, "वाटलं, आता खाली येतच नाय!" पोरं तोंडाचा आ करून ऐकायची. सावित्रीबाईनं एकदा खिडकीतून ऐकलं आणि घरी आल्यावर सुनावलं, "मोडल्या पायाचं सांगणं चार वाक्यांचं अन् उडीचं अर्ध्या तासाचं. तुमचं ऐकून मलाच कठड्यावर चढावं वाटलं!"

सहादू भडकला. "तुला काय कळतंय? पाच वर्षांत एक तरी पोरगं गेलं का आपल्या शाळेचं?"

तीही मग चुलीकडे वळली. खरंच गेलं नव्हतं ना.

दोन हजार एकच्या जुलैत पुढच्याच बाकावर चंदर होता. नववीतला, भागीबाईचा एकुलता एक. भागीबाई गंगेवरच्या बाजारात पालेभाजी विकायची. पोरगं म्हणजे नुसतं वारं प्यालेलं. ट्रकच्या मागे लोंबकळ, गच्चीवरून गच्चीवर उडी मार. सहादूनं स्वतः दोनदा त्याचा कान पिळला होता. गोष्ट संपली तसा चंदर उभा राहिला.

"मामा, पण चुकलं कुठं?"

तीस वर्षं सहादूनं रोज हाच प्रश्न चघळला होता. विचारलं कुणीच नव्हतं. त्याला बरं वाटलं हो, काय सांगायचं! उत्तर जिभेवरच होतं.

"चूक एकच. दुसऱ्या खांबाखाली ओटा हाय. तिसऱ्यापासून उडी घेतली असती तर खाली नुसतं खोल पाणी. मग कशाला मोडतोय पाय!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. ललिताबाईंनीही वाजवल्या. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं. वर लख्ख ऊन आणि खाली गढूळ लोंढा. दुपारी नववीतलाच एक पोरगा धापा टाकत फाटकाशी आला.

"मामा, चंदऱ्यानं उडी मारली! वर आलाच नाही!"

"कुठनं?"

"तुम्ही सांगितलं तिथनंच. तिसऱ्या खांबापासून."

सहादू तो पाय ओढत पुलापर्यंत गेला. तिसऱ्या खांबाखाली ओटा नव्हताच, त्याचं खरं होतं. पाण्याची ओढ मात्र होती. चंदर तिसऱ्या दिवशी खाली सायखेड्याला सापडला.

भागीबाईच्या घरी जाऊन सहादू दारातच उभा राहिला. ती रडून रडून कोरडी झाली होती. म्हणाली, "या मामा. सकाळी मला म्हणाला, आई, भिऊ नको, मला जागा माहीत हाये. कोणी सांगितली असंल हो जागा?" सहादूनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं तांब्या तसाच उंबऱ्यावर ठेवला. भेकडासारखा तो घरी परतला. त्या दिवसापासून बाजारात ती दिसली की तो वाट बदलायचा.

पुढचा जुलै आला. सहादू बाईंच्या पायाशी वाकला, "मला नका उभं करू." बाईंचेही डोळे भरले. "आता तर सांगायलाच हवं, सहादू. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकणार ही पोरं?"

या खेपेला शिट्ट्या नाहीत, वारा नाही. लेंगाही वर केला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, "चंदर गेला. जागा मी सांगितली म्हणून गेला. भागीबाईला हे मी अजून सांगू शकलो नाय." एक मुलगी हुंदके देत होती. सहादूला वाटलं, पोचलं असावं.

मागच्या बाकावरून हात वर झाला. आठवीतला साई, डोळ्यांत पाणी असलेला. चेष्टा करत नव्हता.

"मामा, म्हणजे तिसऱ्याखाली ओढ जास्त आहे. मग चौथ्याचं काय?"

सहादूला चौथ्याचंही माहीत होतं. साऱ्या खांबांचं माहीत होतं. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि पाय ओढत घंटा द्यायला निघाला. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.

मागे कुणीतरी कुजबुजलं, "मामांना माहितीय रे. सांगत नाहीत."