निम्म्या विहिरीचा दस्त

चेअरमननं आधी विहिरीवरच्या माझ्या मोटारीची केबल तोडली आणि मग त्याच कुऱ्हाडीच्या तुंब्यानं माझा डावा हात. तुंबा म्हणजे कुऱ्हाडीची बोथट बाजू. धारेनं मारलं असतं तर कलम बदललं असतं, एवढा हिशोब त्याला रागातही होता.

चेअरमन म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून मोठा. गावच्या सोसायटीचा अध्यक्ष म्हणून सगळे त्याला चेअरमन म्हणत. मी दादा म्हणायचो. त्या दुष्काळात सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती आणि छावणीच्या हौदांत जाणारं पाणी आमच्या विहिरीचं होतं. आमच्या म्हणजे दोन्ही घरांच्या. विहीर त्याच्या गटात, पण वाटणीत पाणी निम्मं निम्मं ठरलेलं. माझ्या दोन एकर मोसंबीला पाळीनं तेच पाणी. पाळी बंद झाली तर झाडं उभी वाळणार, आणि नव्यानं लावून फळ धरायचं तर पाच-सहा वर्षं जातात.

"विहीर माझ्या गटात हाय," कुऱ्हाड खांद्यावर टाकत तो म्हणाला. "तुझं नाव दाव सातबाऱ्यावर."

नाव नव्हतं. माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी वाटणीचा दस्त तालुक्याला रजिस्टर केला होता, पण विहिरीची नोंद सातबाऱ्यावर लावली नाही. भावाभावांत कसली नोंद, असं वडिलांना वाटलं. त्यात आमच्याकडची रीत अशी, की कागद थोरल्या घरी राहायचे. धाकट्यानं आपला कागद मागणं म्हणजे थोरल्यावर संशय घेणं. त्यामुळे माझ्या हक्काचा दस्त चेअरमनच्या घरातल्या लोखंडी पेटीत होता.

हाताला प्लास्टर घालून आलो तो सरळ त्याच्या घरी गेलो. तो छावणीवर असेल असं मी धरून चाललो होतो. त्याची आई, म्हणजे माझी चुलती, ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिला मी मोठी माय म्हणतो.

"माय, वाटणीचा कागद दे. नक्कल काढून आणून देतो."

तिनं हाताकडे पाहिलं. "त्यानंच का?"

"हो."

"तुझा चुलता असता तर खुंट्याला बांधला असता ह्याला." ती उठली, आत गेली, पेटी उघडली आणि तळाशी हात घालून चाचपायला लागली.

चेअरमन मागच्या दारानं आत आला. आईचा हात पेटीत असतानाच त्यानं झाकणावर पाय दिला. मोठी माय ओरडली नाही. "आरं, मी हाय," एवढंच म्हणाली, जणू त्याचा पाय चुकून पडला होता.

मी उरलेल्या हातानं त्याचा गळा धरला. त्यानं माझा प्लास्टरचा हात चौकटीवर आपटला आणि मी खाली बसलो. पोटात दोन लाथा घालून त्यानं पेटीतून दस्त काढला, चुलीत घातला आणि तो पुरता जळेपर्यंत फुंकणी घेऊन समोर बसला.

"जा, आण आता कागद," तो म्हणाला. "अन् तालुक्याला बी हेलपाटा घालू नको. मी इचारून आलोय. तिथं न्हाई."

मोठ्या मायच्या उजव्या हाताची अंगठ्यासकट तीन बोटं चेचली होती. शेजारच्या फळवाल्याच्या टेम्पोतून तिला धारूरच्या दवाखान्यात नेलं. फिर्याद दिली. ती केस अजून चालू आहे.

मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलो. चेअरमन खोटं बोलला नव्हता. त्याचा अर्ज तिथं होता आणि त्यावर उत्तर होतं: सदर गट नंबरचा दस्त आढळून येत नाही. मी तोच गट नंबर घातला आणि मलाही तेच उत्तर मिळालं. परत येताना एसटीत बसून मी वर्षांची जुळणी करू लागलो. आमच्या गावच्या जमिनींचं एकत्रीकरण, म्हणजे तुकडे जोडून नवे गट पाडणं, वाटणीनंतर झालं. म्हणजे दस्त झाला तेव्हा हा गट नंबर जन्मालाच आला नव्हता. तेव्हा सर्व्हे नंबर होते. आम्ही दोघांनीही विहिरीला तिच्या आजच्या नंबरानं हाका मारल्या होत्या. भूमी अभिलेखातून मी एकत्रीकरणाचा उतारा काढला, त्यावरून जुना सर्व्हे नंबर घेतला आणि पुन्हा अर्ज केला. दस्त निघाला. तिसऱ्या पानावर विहीर होती, निम्मं पाणी होतं आणि मोटारीची जागाही होती.

"दोन नकला कामून पायजेत?" कारकुनानं विचारलं.

"एक ठेवायला, एक फाडून घ्यायला."

तो हसला. मी हसलो नाही, कारण खिडकीतून चेअरमनची जीप दिसत होती.

तहसील त्याच आवारात. पाण्याची पाळी अडवल्याच्या अर्जाला पहिली नक्कल जोडली, अर्ज आत दिला आणि पोचेवर आवक शिक्का घेतला. पोच बुटात घातली, दुसरी नक्कल खिशात ठेवली आणि बाहेर पडलो.

फाटकाशी चौघं उभे होते. उसाअभावी साखर कारखाना बंद पडल्यावर रिकामे झालेले आणि चेअरमननं छावणीत चारा वाटायला लावलेले. एकाला मी लहानपणापासून ओळखत होतो.

"काय बे, पाण्याची लई तहान लागली म्हणं," तो म्हणाला. "आधी जेवून घे."

दोघांनी मला फाटकाला दाबून धरलं. त्यानं नक्कल फाडली, एकेक तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि जबडा बंद राहावा म्हणून हनुवटीवर गुडघा दाबला. खालचा एक दात पडला. चेअरमन जीपमधून उतरला नाही. "गिळू द्या, पाणी देऊ नका," एवढंच म्हणाला. लोक बघत होते. मी कागद गिळला, रक्तासकट. पोच बुटात होती, म्हणून गिळता आला.

तहसीलदारांनी जागेवर येऊन पंचनामा केला आणि पाळी अडवू नये असा हुकूम दिला. पोलीस उभे राहिले तेव्हा मला मोटारीची नवी केबल टाकता आली. तोवर एक एकर मोसंबी वाळली होती. ती मी स्वतः तोडली, एका हातानं, त्याच्याच कुऱ्हाडीसारख्या कुऱ्हाडीनं. तोडताना मनात काय काय येत होतं ते लिहीत नाही.

माझ्या पाळीच्या दिवसांत छावणीचे हौद कोरडे पडायला लागले. तपासणी येणार होती. पाणी नसेल तर छावणी बंद होणार होती. चेअरमन माझ्या अंगणात येऊन उभा राहिला.

"तुझे बी बैल हायेत तिथं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. पाणी देतो. आधी रजिस्टरला चल, दादा. विहीर निम्मी माझी, असं लिहून दे, म्हणजे सातबाऱ्यावर नोंद लागेल. साक्षीला मोठी माय."

त्याच्या मुठी वळल्या होत्या. मी दारामागची काठी हाताशी ठेवली होती आणि त्यानं ती पाहिली होती. मग तो वळला आणि जीप चालू केली.

कार्यालयात त्यानं सही केली. मोठ्या मायनं यंत्रावर उजवा अंगठा ठेवला. ठसा उमटेना. कारकुनानं काच पुसून पुन्हा ठेवायला लावला.

"आजी, कशानं झालं हे?"

"ह्याला इचारा," ती म्हणाली.

चेअरमन भिंतीवरच्या सूचना वाचत राहिला. तिनं डावा अंगठा ठेवला, तो उमटला.

कारकुनानं नोंद झालेला नवा दस्त टेबलावर ठेवला तेव्हा चेअरमनचा हात सवयीनं पुढे गेला. कागद थोरल्या घरी राहायचे. मोठ्या मायनं वाकड्या बोटांनी त्याचा हात बाजूला सारला, दस्त उचलला आणि माझ्याकडे दिला.

"आपल्या पेटीचं झाकण वाकलंय," ती त्याला म्हणाली.

गावात आल्यावर मी आधी विहिरीवर गेलो आणि छावणीचा व्हॉल्व उघडला.